दोन खोल्यांतून फ्लॅटमध्ये: आहे त्यात भागवायचं, की हवं ते घ्यायचं?

घाटावरची

नमस्कार मंडळी. गेले काही महिने आमच्या घरात जेवताना एकच विषय निघतो, म्हणून इथं धागा काढतेय.

आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेत राहतो, सासऱ्यांच्या वाटणीला आलेल्या दोन खोल्यांत. सासूबाई, आम्ही दोघं, आठवीतला मुलगा, पाचवीतली मुलगी. हे शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत आहेत, मी घरातच ब्लाउज-ड्रेस शिवते. नदी जवळ. २०१९ ला पाणी आत आलं, २०२१ ला परत आलं. तेव्हापासून उंचावर कुठंतरी जायचं हे पक्कं आहे, त्यावर घरात दुमत नाही.

दुमत पुढं आहे. पाचगाव रोडला एकाच बिल्डिंगमध्ये दोन फ्लॅट बघितलेत. वन बीएचके २८ लाख, टू बीएचके ४० लाख. ह्यांना टू पाहिजे, शिवाय मॉड्युलर किचन, टीव्ही युनिट, दोन्ही बेडरूमना भिंतभर वॉर्डरोब आणि हॉलला पीओपी. सोबतच्या माणसांच्या घरी हे सगळं झालंय. सासूबाई म्हणतात, "ह्या दोन खोल्यांतनं तीन लग्नं केली. आता काय वाडा पाहिजे काय?"

मला दोघांचंही पटतं, अडचण तीच आहे. शिवणकामामुळे लोकांची कपाटं मला आतून माहीत आहेत. एका लग्नाला चार-चार ब्लाउज शिवून नेतात आणि दोन वर्षांनी तेच ढिले करायला आणतात, काहींची तर घडीसुद्धा मोडलेली नसते. ते बघून वाटतं, आपल्याला नको हे. साधं राहायला मला मनापासून आवडतं. पण त्याच वेळी माझी मुलगी ट्रंकेवर बसून, मांडीवर वही घेऊन अभ्यास करते. तिची परीक्षा असली की मशीन बंद ठेवावी लागते, म्हणजे त्या आठवड्याची कमाई गेली. याला साधं राहणं म्हणायचं की नुसती अडचण?

गरज कुठं संपते आणि हौस कुठं सुरू होते, हे तुम्ही आपापल्या घरात कसं ठरवलंत ते सांगा. फ्लॅट कुठला घ्यावा एवढंच विचारत नाहीये.

नागाळापार्क

टू बीएचकेच घ्या. फर्निचर मागाहून करता येतं, भिंत मागाहून सरकवता येत नाही.

जुनामास्तर

ताई, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. जरा सविस्तर लिहितो.

माझं लहानपण शिवाजी पेठेतल्या कौलारू घरात गेलं. सोपा, माजघर, चूल असलेली खोली आणि मागं परडं. माणसं नऊ. कपाट म्हणून घरात नव्हतंच. भिंतीतली फडताळं, कोनाडे, खुंट्या आणि कपड्यांना वलण, एवढ्यावर संसार. सकाळी अंथरुणं गुंडाळली की झोपायच्या जागी पंगत बसायची, दुपारी तिथंच आमचा अभ्यास आणि संध्याकाळी वडिलांकडं आलेली माणसं. एका जागेची दिवसातून चार कामं. आता पलंग आला की ती खोली चोवीस तास पलंगाची झाली. डायनिंग टेबल आलं की तेवढी फरशी टेबलाची. तेव्हा घरात जागा कमी पडतेय की जागा अडवून बसलेलं सामान जास्त झालंय, हे आधी तपासा.

दुसरं, आपल्या गावातलंच उदाहरण देतो. न्यू पॅलेस बांधून पुरा झाला १८८४ ला आणि शाहू महाराजांचं दत्तकविधानही त्याच वर्षी. म्हणजे राजवाडा आयता समोर होता. तरी महाराज पुष्कळदा गावाबाहेर सोनतळीच्या कॅम्पवर राहायचे. पण म्हणून त्यांनी कमी मागितलं का? १९०१ पासून एकेका समाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं काढली, १९०६ ला कापडगिरणी काढली, राधानगरीला धरण बांधायला घेतलं, जे पुरं व्हायला त्यांच्यामागं कैक वर्षं गेली. स्वतःच्या खोलीपुरतं थोडकं आणि रयतेसाठी भरपूर. हवं असण्यात मला कधीच खोट दिसली नाही. कुणासाठी हवंय, हे मी बघतो.

माळ्यावरचीट्रंक

मास्तर, तुमचं घर वाचताना डोळ्यांसमोर उभं राहिलं, कारण आमचंही तसंच होतं, मंगळवार पेठेत. पण एक विचारते. ती नऊ अंथरुणं रोज सकाळी गुंडाळायचं कोण?

आमच्या आईचा दिवस बंबापासून सुरू व्हायचा. तांब्याचा बंब, मधल्या नळीत शेणी आणि लाकडाच्या ढलप्या घालून पेटवायचा, आधी कालची राख काढायची. घरातली माणसं उठायच्या आत. पितळेची पातेली आज लोक शोभेला मांडतात. त्यांची कल्हई उडाली की आमटी कळकायची. म्हणून रात्री उरलेलं सगळं काढून ठेवायचं, भांडी चिंच-राखेनं घासायची आणि कल्हईवाला गल्लीत यायची वाट बघायची. मसाला पाट्यावर. आणि वाकळी! जुन्या लुगड्यांच्या सात-आठ थरांची वाकळ कोरडी असते तेव्हा मायेची. ओली झाली की एकट्या बाईला उचलत नाही. धुण्याच्या दगडावर आपटून झाली की दोन टोकांना दोघी उभ्या राहायच्या, एकीनं उजवीकडं पिळायचं, दुसरीनं डावीकडं. मी दुसरी असायची. मनगटं रात्रभर ठणकायची.

आमच्या वडिलांना सगळी पेठ साध्या राहणीसाठी मानायची. ते खरोखर साधे होते, दोन सदरे आणि एक टोपी. पण त्या दोन सदऱ्यांतला एक रोज धुऊन, वाळवून, निखारे घातलेल्या तांब्यानं इस्त्री करून ठेवणारी बाई कुणाला दिसली नाही. घर साधं होतं आणि त्याचा भार एकटी आई वाहत होती.

म्हणून घाटावरची, माझं माप सांगते. जी वस्तू आल्यानं घरातल्या कुणाची तरी कंबर वाचते, ती चैन नव्हे. वॉशिंग मशीन, मिक्सर, सासूबाईंना गुडघे दुखत असतील तर कमोड आणि भिंतीला धरायला दांडी, हे पहिल्या दिवशी घ्या. भांडी घासायचं मशीनसुद्धा परवडलं तर घ्या. त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ टक्के झालाय. आणि जी वस्तू आल्यावर पुसायचं एक काम वाढतं, तिचा विचार सावकाश करा. काचेची शोकेस कोण पुसणार, हे आधी ठरलं पाहिजे.

उसाचाफड

मी कागलकडचा. ट्रंकताई, एक नंबर लिहिलंय.

माझ्या आज्ज्याकडं दोन धोतरं होती. ती त्याला आवडत हुती म्हणून दोन न्हवती, तिसरं घ्यायला पैसा न्हवता म्हणून दोन हुती. साधं राहणं ज्याच्याकडं हाय त्यानं ठरवायची गोष्ट. ज्याच्याकडं नाही त्याला कुणी साधा म्हणून मोठेपणा देऊ नये.

दर दहा दिवसाला दुधाचं बिल यायचं, ते घरखर्चात जायचं. दिवाळीला दूध संघाचा दूधफरक, म्हंजे वर्षभराच्या दुधावरचा वरचा पैसा, आला की मात्र त्यावर आईचा हक्क. त्यातनं तिनं फ्रीज आणला. पहिल्या दिवशी गल्लीतली पोरं वाट्या घेऊन बर्फ मागायला दारात. आई दिवसभर हसत बर्फ वाटत हुती. त्या फ्रीजला कुणी हाव म्हटलं तर मला ऐकवणार नाही.

पण दुसरी बाजूबी सांगतो. आता ऊसबिलाच्या जीवावर गावात बंगल्यांची ईर्षा लागलीय. शेजाऱ्यानं दोन मजले चढवले की आपले अडीच. राहत्यात सगळी खालीच, वरच्या मजल्यावर बियाणाची पोती आणि कांदा. त्यासाठी सोसायटीचं कर्ज फिरवून फिरवून माणूस म्हातारा हुतोय. आमच्या घरात भावानं हे काढलं तेव्हा मी म्हटलं, आधी ठिबक करू. ठिबकावरचा खर्च पुढच्या वर्षी पीक देतो, स्लॅब देत नाही.

हिशोबवही

भावना सगळ्यांच्या बरोबर आहेत, मी आकडे मांडतो.

घरकर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के देऊ शकते, त्यावर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. म्हणजे २८ लाखांच्या फ्लॅटला साधारण २५ लाख कर्ज आणि ३ लाख पदरचे. ४० लाखांच्या फ्लॅटला ३२ लाख कर्ज आणि ८ लाख पदरचे. साडेआठ टक्के व्याज आणि २० वर्षं धरली तर हप्ता पहिल्याला सुमारे २१,७०० रुपये, दुसऱ्याला २७,८००. महिन्याला सहा हजारांचा फरक. २० वर्षांत तो साडेचौदा लाखांच्या वर जातो, शिवाय पदरचे पाच लाख जास्त. ती एक खोली कागदावर १२ लाखांची दिसते, प्रत्यक्षात तिचे साडेएकोणीस लाख होतात.

हे घाबरवायला लिहीत नाही. तुमचं मशीन परीक्षेच्या दिवसांतही चालू राहिलं, दोन गिऱ्हाईकं वाढली, तर त्यातले काही पैसे खोली स्वतःच फेडेल. वॉर्डरोब मात्र एक रुपया कमावणार नाही. म्हणून खोली आणि फर्निचर हे दोन खर्च एका वाक्यात बोलू नका, वेगळे काढा. पहिला कर्जानं घेण्यासारखा आहे. दुसरा कर्जानं घेऊ नये असं माझं ठाम मत आहे.

फर्निचरला "शून्य टक्के हप्ता" म्हणून कुणी गळ घालेल. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. व्याज किमतीत तरी मुरवलेलं असतं, नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये. रोखीनं घेतलं तर किती, हे आधी विचारा आणि मग बोला.

आणखी एक. खरेदीखत एकट्या बाईच्या नावावर झालं तर आपल्या राज्यात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ४० लाखांवर ४० हजार वाचतात आणि घर तुमच्या नावावर होतं.

रंधा

सुतारकाम करतो, माझं पोट फर्निचरवर आहे. तरीपण सांगतो, पहिल्या वर्षी काही करू नका.

कारण एक. दहा बाय दहाची बेडरूम, त्यात भिंतभर वॉर्डरोब म्हणजे दहा फूट लांब, दोन फूट खोल. शंभरातली वीस चौरस फूट गेली. ज्या खोलीसाठी एवढं कर्ज काढताय तिचा पाचवा हिस्सा कपड्यांना. एका भिंतीला चार फुटांचं कपाट करा, बाकी भिंत मोकळी सोडा.

कारण दोन. २०१९ च्या पुरानंतर मी शाहूपुरी आणि दुधाळीकडं घरं साफ करायला माणसं घेऊन गेलतो. पार्टिकल बोर्डची कपाटं चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी झालेली. वरनं लॅमिनेट चकचकीत, हात लावला की आतनं भुगा गळतोय, बिजागरी तशीच हातात येतेय. दोन-तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून केलेलं काम, हप्ते अजून चालू. त्याच घरांतले सागवानी पाट, शिसवी पलंग, लोखंडी ट्रंका मात्र चिखल धुऊन, उन्हात ठेवून परत वापरात आल्या. तुम्ही उंचावर जाताय, पूर येणार नाही, पण सिंकखाली पाणी सगळीकडंच असतं. तिथं आयएस ७१० चा शिक्का असलेलं प्लाय वापरायला सांगा. बाकी कोरड्या जागेला आयएस ३०३ चालतं. शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कोटेशनवर लिहिलंय म्हणून विश्वास ठेवू नका.

राहायला गेल्यावर सहा-आठ महिन्यांत तुमचं तुम्हालाच कळतं कुठली वस्तू कुठं लागते. मग मोजमाप घ्यायला बोलवा.

दुधाळीकर

रंधा म्हणतोय ते आमच्या गल्लीतलंच. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आमच्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ आणि २०२१, दोन्ही सालांत पाणी ५५ फुटांच्या वर गेलं.

४१-४२ फुटांना आमच्याकडं उचलाउचल सुरू होते. गॅस सिलिंडर, कागदांची पिशवी, आईची औषधं, पोरांची दप्तरं, धान्याचे डबे. मिक्सर. शेगडी. टीव्ही टेबलावर, टेबल पलंगावर. मग हात थांबतात. शोकेसमधल्या बाहुल्या, जिंकलेल्या ढाली, सहा-सहाचे कपांचे सेट, त्यांच्याकडं कुणी बघतसुद्धा नाही. पाणी ओसरल्यावर मी ते सगळं परत मांडलं नाही. घरात कुणाला त्याची आठवण झालेली नाही.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. एक, उंचावरची बिल्डिंग म्हणून डोळे मिटून घेऊ नका, जवळून ओढा-नाला जातो का आणि जागा पूररेषेत येते का ते बघा. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. दोन, घराचा विमा. १ एप्रिल २०२१ पासून "भारत गृह रक्षा" नावाची ठरावीक स्वरूपाची पॉलिसी सगळ्या जनरल विमा कंपन्यांना द्यावी लागते. पूर त्यात धरलेला आहे. घराच्या विम्याच्या २० टक्के, पण १० लाखांपर्यंत, घरातलं सामान आपोआप त्यात येतं. एवढा वॉर्डरोबचा वाद घालतोय आपण, आणि गल्लीत विमा काढलेलं घर शोधून सापडत नाही.

पुण्यातलीकोल्हापूरकर

आमचं थ्री बीएचके आहे. तिसऱ्या खोलीत शिफ्टिंगची खोकी आहेत, अजून उघडलेली नाहीत. आई कोल्हापुराहून आली की झोपते आमच्याजवळ हॉलमध्येच. तुम्ही टू बीएचकेच्या पुढं जाऊ नका, एवढंच.

जुनामास्तर

ट्रंकताई, वाकळीचा परिच्छेद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या मंडळी म्हणाल्या, ह्या बाईंना माझा नमस्कार सांगा. तुमचं माप मला मान्य आहे. त्याला मी आणखी एक जोडतो: ही वस्तू बघायला घरी कुणीच येणार नसेल, तरी मी ती घेईन का? वॉशिंग मशीनला उत्तर हो येतं. पीओपीला बहुतेक नाही येईल.

माळ्यावरचीट्रंक

मास्तर, त्यांना माझाही नमस्कार.

पण येणाऱ्यांची नजर एवढी सोपी नाही हो. माझ्या पुतणीला बघायला आलेली माणसं बसायच्या आधी भिंती बघत होती. पोरगी एम.कॉम., नोकरी करणारी. नंतर मध्यस्थाकडून निरोप आला, "घर जरा साधं वाटलं." असा निरोप ऐकलेल्या बापानं सोफा बदलला तर त्याला दिखाऊ म्हणवत नाही मला. आपण एकट्यानं मन आवरून हे सुटणारं नाही. ज्यांच्या घरात मुलगे आहेत त्यांनी दुसऱ्याच्या भिंती बघायचं सोडायला हवं. माझ्या मुलाच्या वेळी मी सोप्यात बसले, पाणी प्यायले आणि मुलीशी बोलले. घराकडं मान वर करून बघितलं नाही, ठरवून.

उसाचाफड

ह्यो शेवटचा मुद्दा वेगळ्या धाग्याचा हाय. काढा, मी येतो.

घाटावरची

सगळ्यांचे आभार. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळा धागा घरात मोठ्यानं वाचला, मुलंही बसली होती.

वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की गेले काही महिने सासूबाईंना नवीन घरात काय पाहिजे, हे कुणी विचारलेलंच नाही. "वाडा कशाला" म्हणाल्या, तेवढंच आम्ही धरून बसलो होतो. काल विचारलं. थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "रातचं उठलं की कुणाच्या अंगावर पाय पडू नये, एवढं बघा." हे खाली मान घालून ऐकत होते. त्यानंतर वन बीएचकेचं नाव कुणी काढलं नाही.

तर टू बीएचके. हिशोबवहींनी सांगितल्याप्रमाणं माझ्या एकटीच्या नावावर. हे लगेच "हो" म्हणाले, ते मला लिहून ठेवावंसं वाटतंय. एक खोली सासूबाई आणि मुलीची, तिथं खिडकीपाशी अभ्यासाचं टेबल. दुसऱ्या खोलीत आम्ही. मुलगा म्हणाला, मी हॉलमध्ये झोपेन, मला तिथंच आवडतं. माझं मशीन मागच्या गॅलरीत, म्हणजे दार लावून रात्रीही शिवता येईल. वॉशिंग मशीन आणि बाथरूमला दांडी पहिल्या महिन्यात. वॉर्डरोब, मॉड्युलर किचन, पीओपी सध्या नाही. वर्षानं रंधादादांना मोजमाप घ्यायला बोलावू. घराचा विमा मात्र ताबा मिळाल्यावर लगेच.

टीव्ही युनिटचं अजून ठरलं नाही. मास्तरांच्या मापात ते बसत नाही, मला मान्य आहे. पण जो माणूस दिवसभर भट्टीच्या धगीत आणि वाळूच्या धुळीत उभा असतो, त्याला संध्याकाळी टेकून बसल्यावर समोर एक देखणी भिंत असावी असं वाटत असेल, तर ती मी नाकारणार नाही. फक्त हप्त्यावर नको, माझी एक भिशी लागायची आहे त्यातून, असं म्हटलंय. बघू.

आता माळ्यावरच्या सामानाचं विचारायचंय. सासूबाईंचा तांब्याचा बंब, पितळेचे हंडे-घागरी, परात, पातेली असं बरंच आहे. फ्लॅटमध्ये एवढं नेता येणार नाही. मोडीत घालावं का? त्या म्हणतात, "तुझं तू बघ."

माळ्यावरचीट्रंक

"तुझं तू बघ" याचा अर्थ विकू नको असाही असतो. सगळं खाली काढा आणि त्यांच्यासमोर एकेक भांडं ठेवा. लग्नात आलेल्या भांड्यांवर काठाशी किंवा बुडाला नावं घातलेली असतात, ती बाजूला काढायला त्यांनाच सांगा. त्यांनी ठेवलेल्यातली दोन पातेली कल्हई करून रोजच्या वापरात घ्या, भात सुरेख होतो.

बाकीचं देताना तांबं आणि पितळ एका ढिगात वजन करू देऊ नका, तांब्याचा भाव जास्त असतो. बंबाच्या आतली जाळी बहुतेक लोखंडाची असते, ती घरीच काढून न्या म्हणजे वजनात घट धरायला दुकानदाराला निमित्त मिळत नाही. आणि एकाच दुकानात विचारून देऊ नका, दोन-तीन ठिकाणी भाव काढा.

रंधा

टेबल खिडकीला तोंड करून नको, खिडकी डाव्या हाताला येईल असं लावा, लिहिताना वहीवर सावली पडत नाही. मुलगी डावखुरी असेल तर उलटं. पाचवीतली आहे म्हणजे उंची झपाट्यानं वाढणार, म्हणून टेबल मोठ्या मापाचंच करू, तीस इंच, आणि आत्ता पाय टेकायला खाली पाट देऊ. तुमचा जुना पाट असेल तर तोच चालेल.